संगमावरची खानावळ

समुद्राशीं ज्याचा कधीं संबंध आला नाहीं अशा जिल्ह्यांत आमचा जन्म झाला व तेथेंच आमचे केस पिकले. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पूर्वींचा अहमदनगर जिल्हा, हा सह्याद्रीच्या अलीकडे पर्जन्यछायेंत पसरलेला आहे. पावसाची वाट पाहणें हाच येथील निम्म्या लोकांचा पिढीजात व्यवसाय. मुंबईचा किनारा येथून दोनशें किलोमीटरांहून दूर. अशा मुलखांतील एका निवृत्त शिक्षकानें मासळीच्या खानावळीवर लेख लिहावा, आणि तोहि जन्मांत मासळीस स्पर्श न केलेल्या शिक्षकानें, हें पाहून कित्येक वाचकभगिनींच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा, आणि मग आठ्या ठेवावयाच्या कीं काढावयाच्या तें ठरवावें.

हकीकतीचा आरंभ मात्र नगरापासून फार दूर, इटली देशांत होतो. आमचे धाकटे चिरंजीव पदार्थविज्ञानाच्या अभ्यासासाठीं त्रिएस्ते येथें दोन वर्षें सपत्नीक राहत होते. हें शहर एड्रियाटिक समुद्राच्या अगदीं वरच्या टोकाला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत तें ऑस्ट्रियाच्या बादशहाचें मुख्य बंदर होतें. युद्धानंतर तें इटलीकडे आलें. तेथें १९६४ सालीं पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनीं सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाची एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. ज्या देशांत साधनें तोकडीं, त्या देशांतील अभ्यासकांस कांहीं काळ येऊन थोरामोठ्यांच्या सहवासांत काम करतां यावें, हा तिचा हेतु. आपल्याकडील पुष्कळ अभ्यासक तेथें जाऊन आले आहेत. चिरंजीवांचा आग्रह पडला म्हणून दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही उभयतां महिनाभर तेथें राहून आलों.

त्रिएस्तेच्या समोर, उपसागराच्या दुसऱ्या बाजूस, मूज्जा नांवाचें लहानसें गांव आहे. व्हेनिसच्या सत्तेखालीं तें कित्येक शतकें होतें. त्यामुळें अरुंद गल्ल्या, घरांची ठेवण, मधला लहानसा चौक, सारें व्हेनिसच्याच वळणाचें. गांवाच्या मधोमध होड्यांचा चिमुकला धक्का, आणि धक्क्यालगत दोनचार खानावळी. अशा घरगुती खानावळीस तिकडे त्रात्तोरिया म्हणतात. तेथें थाट कसलाच नाहीं. टेबलांवर कागदाचें आच्छादन, वेताच्या खुर्च्या, शेजारीं वाळत टाकलेलीं जाळीं. त्या दिवशींची मासळी ताटांत घालून गिऱ्हाइकाला दाखवितात. तिचा भाव शंभर ग्रॅमला इतका असा सांगतात, त्या मापाला एत्तो म्हणतात. आणि पसंत केलेला मासा तोलून मगच चुलीवर चढतो. मसाला असा नाहींच. ऑलिव्हचें तेल, मीठ, लिंबाचा रस, लसूण आणि कोथिंबिरीसारखा दिसणारा एक पाला, एवढ्यांत त्यांचा पाकशास्त्राचा अध्याय संपतो. तिसऱ्यांसारखीं शिंपलीं शेवयांसारख्या लांब पदार्थांत घालून देतात. त्यावर चीज मागितलें तर वाढणारा चेहरा वांकडा करतो, कारण मासळीवर चीज घालणें त्यांच्या दृष्टीनें अनाचार आहे. सोवळेंओवळें केवळ आपल्याच देशांत आहे अशी जी आमची समजूत होती, ती त्या टेबलाशीं दूर झाली!

आमच्यासारख्या शाकाहारी माणसाचीहि तेथें आबाळ होत नाहीं. मक्याच्या पिठाचा घाटा तिकडे पोलेन्ता या नांवानें आवडीनें खातात. टोमॅटो तर पदोपदीं. आमच्या मनांत आलें, हे दोन्ही पदार्थ कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर अमेरिकेंतून तिकडे आले. आणि ज्या मिरचीवांचून आपल्या नगरकडच्या माणसाचा घांस उतरत नाहीं, तीहि त्याच वाटेनें पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. म्हणजे आज ज्याला आपण आजोबा-पणजोबांपासूनचें जेवण म्हणतों, त्यांतला मोठा भाग पांचशें वर्षांपूर्वीं आपल्याला ठाऊकच नव्हता. पण हें शहाणपण त्या दिवशीं आमच्या कांहीं उपयोगीं पडलें नाहीं, तें आतां सांगतों.

आमच्या धाकट्या सूनबाई वेंगुर्ल्याकडच्या, सारस्वत घराण्यांतल्या. विवाह ठरला तेव्हां घरांत थोडी चर्चा झाली होती. आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु आणि वहिनी यांचा शब्द घरांत शेवटचा. वहिनींनीं मुलीला एकच प्रश्न विचारला होता, "तूं मासे खातेस का?" मुलगी खालीं न पाहतां म्हणाली, "हो, खातें. पण तुमच्या घरीं खाणार नाहीं." उत्तर सर्वांस आवडलें. सारस्वतांत, तसेंच बंगाल आणि मिथिला येथील ब्राह्मणांत, मत्स्याहार परंपरेनें चालत आला आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यामुळें आमच्या मनांत किंतु नव्हता. मुलीनें शब्द पाळला. परंतु एखाद्यानें शब्द पाळला म्हणजे आपलें काम संपलें, असें समजून आम्ही स्वस्थ बसलों.

मूज्जाच्या त्या खानावळींत चिरंजीवांनीं आमच्यासाठीं बटाटे, घेवड्याच्या शेंगा, पाव आणि पोलेन्ता सांगितला. सूनबाई म्हणाल्या, "मलाहि तेंच." इतक्यांत आंतून एक वयस्क बाई पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला हात पुशीत बाहेर आल्या. खानावळ त्यांच्याच मुलाची. सूनबाईंना पाहतांच त्यांचा चेहरा फुलला; दोघींचें कांहीं बोलणें झालें आणि बाई लगबगीनें आंत गेल्या. थोड्या वेळानें त्यांनीं, कोणी न सांगतां, तळलेल्या लहान लहान माशांची एक बशी आणून सूनबाईंच्या पुढें ठेवली. त्यावर लिंबाची फोड. आपल्याकडे माहेरवाशिणीच्या पानांत तिच्या आवडीचा पदार्थ न विचारतां पडतो, तसेंच तें होतें.

सूनबाई एकदम लाल झाल्या. हलक्या आवाजांत त्यांनीं बाईंना कांहींतरी सांगितलें. बाईंनीं एकदां त्यांच्याकडे पाहिलें, एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि बशी उचलून परत नेली. हें सारें आम्हीं पाहिलें. पण पाहिलें नाहीं असें दाखवून आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलों, आणि चिरंजीवांस त्या बाजूनें वाहणाऱ्या बोरा नांवाच्या सोसाट्याच्या वाऱ्याविषयीं प्रश्न विचारीत राहिलों. रात्रीं सौभाग्यवती म्हणाली, "अहो, ती बशी राहूं दिली असती तर काय बिघडलें असतें?" आम्ही नुसतें "हूं" म्हणालों. मौन हा कधीं सभ्यपणा असतो, तर कधीं निव्वळ भित्रेपणा. त्या दिवशींचें आमचें मौन दुसऱ्या जातीचें होतें, हें मनाला ठाऊक असूनहि आम्हीं तें दोन वर्षें तसेंच झांकून ठेवलें.

पुढें चिरंजीव देशीं परतले आणि यंदां सूनबाईंना दिवस राहिले. वहिनींच्या उत्साहाला सीमा राहिली नाहीं. चिंच, आवळे, कैरीचें लोणचें, साटोऱ्या, ओल्या नारळाच्या करंज्या, सर्व कांहीं झालें. वहिनी रोज विचारीत, "डोहाळे कसले लागले आहेत ग?" सूनबाई हंसून म्हणत, "कांहीं नाहीं हो, मोठ्या आई. सगळें मिळतें आहे." परंतु एके दिवशीं सायंकाळीं आम्ही ओसरीवर संध्येला बसलों असतां आंतून त्यांचें माहेरीं चाललेलें फोनवरचें बोलणें कानीं पडलें. "आज बाजारांत काय आलें? बांगडा? मग आमटींत तिरफळ घातलेंस का? सांग ना, कसा झाला होता?" आईनें तिकडून सविस्तर सांगितलें असावें, कारण बराच वेळ इकडून केवळ "हं, हं" ऐकूं येत होतें. चौकशी केली तेव्हां चिरंजीव म्हणाले, "नाना, हें रोजचेंच आहे. ती रोज बाजारभाव विचारते."

त्या दिवशीं संध्येचें पाणी आमच्या हातांत तसेंच राहिलें. आम्हीं उभ्या जन्मांत मुलांना रघुवंश शिकविला. त्याच्या तिसऱ्या सर्गांत राणी सुदक्षिणा गर्भवती असतां राजा दिलीप तिच्या सख्यांना पुनःपुन्हां विचारतो कीं, हिला काय हवें आहे तें सांगा, कारण ही लाजेनें मला सांगत नाहीं. उत्तररामचरिताच्या पहिल्याच अंकांत सीतेला वनविहाराचे आणि भागीरथीच्या स्नानाचे डोहाळे लागतात. सुश्रुतानें तर शारीरस्थानांत गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलें आहे, आणि तिची इच्छा मारल्यास तें गर्भाला बाधतें असें बजावलें आहे. आजच्या वैद्यकाला गर्भिणीची इच्छा आणि गर्भाचें व्यंग यांचा तसा संबंध मान्य नाहीं, हें आम्ही जाणतों. पण इच्छा कोणी विचारली नाहीं याचें दुःख गर्भिणीला होत नाहीं, असें तर कोणतेंच वैद्यक सांगत नाहीं. चाळीस वर्षें सर्ग समजावून देणाऱ्याला आपल्या घरची ओळ वाचतां येऊं नये, याची आम्हांस लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरीणबाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, ताजा आणि नीट शिजवलेला मासा अवश्य चालेल. मोठ्या समुद्रांतले मोठे शिकारी मासे मात्र टाळावे, त्यांत पाऱ्याचा अंश साठतो. आतां नगरांत बसून आमच्यासारख्यानें मासळी शोधावी कोठें? तेव्हां चिरंजीवांनीं प्रवरासंगमाचें नांव काढलें.

माघांतल्या एका रविवारीं आम्ही उभयतां, चिरंजीव आणि सूनबाई असे चौघे निघालों. घरीं सांगितलें तें नेवाशास जातों म्हणून. तेंहि खोटें नव्हतें. वहिनींनीं निघतांना बजावलें, "पोटुशीनें नदी ओलांडूं नये. पुलाच्या अलीकडूनच मागें फिरा." नगराहून संभाजीनगरकडे जाणारा हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीचा पूल, म्हशींच्या बाजाराचें घोडेगांव, मग वडाळा. घाट उतरेपर्यंत माळरान आणि खुरटीं झुडपें. पुढें मुळेच्या कालव्याचें पाणी लागतें आणि दोन्ही बाजूंस ऊस डोलूं लागतो. एकाच तालुक्याच्या अंतरांत दुष्काळ आणि समृद्धि शेजारीं शेजारीं पाहावयाचीं असतील त्यांनीं या रस्त्यानें अवश्य जावें.

नेवाशास प्रवरेच्या कांठीं पैसाचा खांब आहे. याच खांबाशीं बसून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, गीतेवरील भावार्थदीपिका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. खांब एक साधा, जुना, दगडी. त्याच्यावर आतां मोठें मंदिर उभें आहे. गांवांत मोहिनीराजाचें देऊळहि आहे. समुद्रमंथनांतलें अमृत विष्णूनें मोहिनीरूपानें येथेंच वांटलें, अशी कथा सांगतात. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात तेंहि या भागांत सर्वांच्या तोंडीं आहे. सूनबाईंनीं खांबाला डोकें टेकलें आणि सौभाग्यवतीनें त्यांच्या कपाळाला अंगारा लावला.

तेथून थोड्याच अंतरावर प्रवरासंगम. रतनगडाच्या डोंगरांत उगम पावलेली, १९२६ सालीं बांधून पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांतून उतरलेली प्रवरा येथें गोदावरीस मिळते. संगमावर टोकें गांवचें सिद्धेश्वराचें मंदिर आहे. पेशवाईच्या काळांतलें हें काम. शिव, विष्णु आणि देवी अशीं देवळें एकाच प्रशस्त आवारांत, आणि खालीं पाण्यापर्यंत उतरणारा दगडी घाट. भिंतींवरील मूर्तींचें कोरीव काम पाहण्यास निदान एक तास हातांत ठेवावा. समोरच्या तीरावर कायगांव. रामानें मारलेल्या मारीचाची काया जेथें पडली तें कायगांव, अशी व्युत्पत्ति येथील लोक सांगतात. व्याकरण शिकविलेल्या माणसानें असल्या व्युत्पत्तींवर विसंबूं नये, परंतु त्या मोडण्याच्याहि भानगडींत पडूं नये.

घाटावर उभें राहिलें असतां नदी दिसत नाहीं. दिसतो तो जलाशय. पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा येथपर्यंत येतो. या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. धरण मातीचें, सुमारें दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस. मूळ योजना बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवाजवळची होती. जागा बदलून पैठणला आली, पण नांव तेंच राहिलें. मागचा जलाशय मात्र पैठणच्या एकनाथांच्या नांवानें नाथसागर झाला, आणि तो सुमारें साडेतीनशें चौरस किलोमीटर पसरला आहे. आपल्या जिल्ह्यांतील शेवगांव व नेवासें तालुक्यांची बरीच जमीन त्याच्याखालीं गेली. सर्व मिळून शंभराहून अधिक गांवांना बुडिताची झळ लागली. १९८६ सालीं हें पक्ष्यांचें अभयारण्य झालें. हिंवाळ्यांत येथें रोहित पक्षी येतात; पाणकावळे आणि बगळे तर बारमास. ज्या जिल्ह्याला समुद्र नाहीं त्याला सरकारनें एक समुद्र करून दिला, असें म्हटलें तरी चालेल. त्याची किंमत कोणीं दिली तें पुढें येईलच.

देवळापासून दूर, हमरस्त्याच्या बाजूला, पुलाच्या अलीकडे, मासळीच्या खानावळी आहेत. त्यांपैकीं एकींत आम्ही शिरलों. वर पत्रा, खालीं सारवलेली जमीन, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोर थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेला कांठ. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून एक पोऱ्या जाळें ओढीत होता. तळणाचा वास आला आणि खरें सांगावयाचें तर आमचा पाय उंबऱ्याशींच अडखळला. सौभाग्यवतीनें पदर नाकाला लावला. सूनबाईंनीं तें पाहिलें आणि त्या लगेच मागें वळल्या. म्हणाल्या, "नाना, नको. उगीच. आपण नेवाशाला परत जाऊन जेवूं."

तेव्हां दोन वर्षें घशांत अडकलेला शब्द बाहेर पडला. आम्हीं सांगितलें कीं, मूज्जाच्या खानावळींत त्या बाईंनीं आणलेली बशी परत गेली ती आम्हीं पाहिली होती. त्या वेळीं आम्ही बोललों नाहीं ही आमची चूक झाली. आज ती दुसऱ्यांदा करावयाची नाहीं. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. सौभाग्यवतीनें मात्र पदर नाकावरून काढला, एक खुर्ची पुसली आणि त्यांना हात धरून बसविलें.

खानावळीचा मालक चाळिशीचा, काळासांवळा, बोलण्यांत मोकळा गृहस्थ. त्यानें एका मोठ्या घमेल्यांत मासळी आणून पुढें धरली आणि प्रत्येकाचें नांव सांगितलें. कटला आणि रोहू हे उत्तरेकडच्या नद्यांतले. त्यांचें बीज धरणांत सोडतात. चिलापी मूळची आफ्रिकेंतली. ती १९५२ सालीं आपल्या देशांत आणली गेली आणि आतां कोणत्याहि तळ्यांत सांपडते. सापासारख्या तोंडाची मरळ आणि लांबलचक वाम हीं मात्र येथलींच. भाव किलोवर, पसंत केलेला मासा कांट्यावर तोलून मग तव्यावर. सूनबाई तें पाहतां पाहतां खुदकन हंसल्या. म्हणाल्या, "नाना, अगदीं मूज्जासारखें! तिथेंसुद्धां असेंच ताट दाखवितात, असेंच तोलतात. फक्त इथें वाइनच्या ऐवजीं ताक आहे." घर सोडल्यापासून प्रथमच त्यांचा आवाज मोकळा झाला.

इतक्यांत आंतून मालकाची आई आली. सत्तरीची, नऊवारी लुगडें, गळ्यांत तुळशीची माळ. तिनें सूनबाईंकडे एकवार नीट पाहिलें आणि विचारलें, "कितवा ग लेकी?" सूनबाई म्हणाल्या, "सहावा." म्हातारी मुलाकडे वळून म्हणाली, "हिला मरळ दे. काटा कमी असतो, आन् अंगी बी लागती. तिखट बेतानं टाक." मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, तुमचं काय?" आम्ही शिक्षक हें तिनें कशावरून ओळखलें कोण जाणे. आम्ही दोघे मासळी खात नाहीं म्हणतांच ती म्हणाली, "मग माझ्या चुलीवरचं घ्या. मी बी खात न्हाई. माळकरी हाय मी."

आम्ही चकित होऊन तिच्या मागोमाग परसाकडे गेलों. तेथें एका आढ्याखालीं दोन चुली होत्या. एकीवर मोठा तवा, त्यावर मासळी. दुसरी दहा हातांवर, स्वच्छ सारवलेली, तीवर भाकरी भाजली जात होती. भांडींकुंडीं वेगळीं, पाण्याचा हंडा वेगळा. मुलगा, सून, नातवंडें मासळी खातात, तीच विकून घर चालवितात; म्हातारी वर्षाला पंढरीची वारी करते आणि मासळीला शिवत नाहीं. आम्हीं विचारलें, "आजी, तुम्हांला या वासाचा त्रास होत नाहीं?" ती भाकरी उलटतां उलटतां म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय गुरुजी, त्येंच्या न्हाई."

शास्त्रार्थ पुष्कळ ऐकले होते. आचारधर्माचा इतका सरळ अर्थ कोणी सांगितला नव्हता. आपल्या घरांत सोवळें पाळतां पाळतां आपण दुसऱ्याच्या गळ्यांतहि आपली माळ केव्हां घालतों, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

आम्हांला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचें भरीत आणि ताक मिळालें. सूनबाईंच्या पानांत मरळीचे तळलेले तुकडे, पातळ रस्सा, कांदा, लिंबाची फोड. पहिला घांस घेतांना त्यांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें. आम्ही या वेळीं पाण्याकडे तोंड केलें नाहीं. वास नाकाला येत होता, तो येतच राहिला. परंतु त्यामुळें भाकरीची चव कमी झाली नाहीं, हें प्रामाणिकपणें नमूद करतों. सूनबाई म्हणाल्या, "गोड्या पाण्यांतला आहे, आमच्याकडचा खारा स्वाद नाहीं. पण चांगला आहे." आणि मग आणखी एक तुकडा मागून घेतला. कोणी घाई केली नाहीं, कोणी बिल आणून ठेवलें नाहीं. मूज्जाप्रमाणेंच येथेंहि मागितल्याशिवाय हिशेब येत नाहीं.

जेवणानंतर मालक आमच्याजवळ येऊन बसला. समोर बोट करून म्हणाला, "त्या तिकडं आमच्या आजोबांचं रान व्हतं, गुरुजी. बाजरी पिकायची. समदं पाण्यात गेलं. त्यांनी नांगर सोडला, आमच्या बापानं जाळं धरलं." उन्हाळ्यांत पाणी मागें हटलें म्हणजे कांठचा गाळ उघडा पडतो; त्यांत लोक गाळपेर करतात. एखाद्या वर्षीं पाणी फारच आटलें कीं, आजोबांच्या विहिरीचें तोंड दिसतें, आणि म्हातारी त्या दिवशीं तेथें जाऊन हळदकुंकू वाहून येते, असें त्यानें सांगितलें. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पाण्यावर खालच्या जिल्ह्यांतली शेती भिजते. हा माणूस तें बोलतांना कोणाला दोष देत नव्हता. पण त्याचें बोट मात्र बराच वेळ पाण्याकडेच होतें.

सायंकाळीं घरीं आलों. वाटेंत सर्वांनीं ठरविलें होतें कीं, वहिनींपासून कांहीं लपवावयाचें नाहीं. दिवा लागल्यावर आम्हींच त्यांस सर्व सांगितलें. मूज्जाची बशीसुद्धां सांगितली. बंधु वर्तमानपत्रांत डोकें घालून बसले. वहिनी गव्हले वळीत होत्या, त्यांचे हात थांबले. बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. आम्हांस वाटलें, आतां वीज कोसळणार. मग त्या हळूच म्हणाल्या, "भावोजी, आमच्या वेळीं थोरल्याच्या खेपेला मला कांद्याचें थालीपीठ खावेंसें वाटत होतें. चातुर्मास होता. सासूबाईंना विचारण्याची छाती झाली नाहीं. चार महिने मी नुसती कांद्याच्या टोपलीकडे पाहत होतें. पुढें थालीपिठें पुष्कळ खाल्लीं, पण तें थालीपीठ राहूनच गेलें."

ही गोष्ट चाळीस वर्षांत बंधूंनाहि ठाऊक नव्हती. वर्तमानपत्र खालीं आलें.

वहिनींनीं शेवटीं निकाल दिला तो असा. "घरांत मासा शिजणार नाहीं. देवघर एका भिंतीवर आहे, मला जमणार नाहीं. पण दर पंधरा दिवसांनीं पोरीला संगमावर न्या. आणि त्या म्हातारीला माझ्याकडून पुरणपोळ्या न्या. तिच्या चुलीवरचें तुम्ही फुकट जेवून आलांत." निकाल कोणाला अपुरा वाटेल. आम्हांस तो पुरेसा वाटला, कारण तो मनापासून होता. पुढें तीन महिने, रस्त्याचे खांचखळगे चुकवीत, मोटार हळूहळू हांकीत, आम्ही संगमाची वारी केली. पुलापलीकडे मात्र एकदांहि गेलों नाहीं. तेवढी वहिनींची आज्ञा आम्हीं अक्षरशः पाळली.

ज्या वाचकांना तिकडे जावयाचें असेल त्यांनीं कार्तिकापासून माघापर्यंत जावें. तेव्हां पाणी भरपूर असतें, हवा थंड असते आणि पक्षीहि असतात. प्रथम नेवासें, मग सिद्धेश्वर, आणि शेवटीं जेवण, असा क्रम ठेवावा. देवदर्शनानंतर मासळी खाण्यास ज्यांचें मन घेणार नाहीं त्यांनीं तो उलटा करून स्नान करावें. पाण्यांत फार आंत जाऊं नये, गाळ फसवा आहे. आणि बरोबर कोणी न खाणारें माणूस असल्यास दुसऱ्या चुलीची चौकशी अवश्य करावी.

गेल्या महिन्यांत घरांत नात आली. सूनबाई बाळंतपणाला वेंगुर्ल्यास गेल्या आहेत. तेथें आतां बाजारभाव फोनवर विचारण्याची गरज उरलेली नाहीं. जाण्यापूर्वीं आम्हीं त्यांस एक विनंती केली होती कीं, मूज्जाच्या त्या बाईंना पत्र टाकावें. त्यांनीं तें इटालियन भाषेंत लिहिलें आणि आम्हांस वाचून दाखविलें. आम्हांस त्यांतलें अक्षरहि कळलें नाहीं, म्हणून अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "एवढेंच लिहिलें आहे, नाना. तुमची बशी उशिरां कां होईना, पण पोंचली."